पहिला पर्याय

“अजून?”

दंडावरचा पट्टा सोडवता सोडवता ते एवढंच विचारायचे. रक्तदाबाचा आकडा लिहून झालेला असायचा, वजन झालेलं असायचं, गुडघा दुखतो की पाठ तेही सांगून झालेलं असायचं. खरं म्हणजे त्यांचं काम तिथे संपायचं. पण ते पट्ट्याची घडी घालत बसायचे आणि पेशंटकडे न बघता विचारायचे. आपल्या माणसाला “अजून?” आणि अमेरिकन माणसाला “अँड?” मग नुसता गुडघा घेऊन आलेला माणूस एकदम वेगळंच काहीतरी सांगायला लागायचा.

मी शेजारच्या खोलीत असायचे. मधली भिंत पातळ होती, सगळं ऐकू यायचं. एकदा साठीचा एक ट्रक ड्रायव्हर गुडघा धरून आला. पाच मिनिटांनी तो सांगत होता की, बायको गेल्यापासून तो अंगणात उभ्या केलेल्या ट्रकमध्येच झोपतो, घरातली गादी नको वाटते. आमच्या मोठ्या डॉक्टरबाई आत गेल्या तेव्हा गुडघ्याचा विषयच निघाला नाही. पुढच्या आठवड्यात माणसं कमी होती म्हणून पट्टा बांधायचं काम माझ्याकडे आलं. म्हटलं, आपणही करून बघू. एका बाईंचा रक्तदाब घेतला, सावकाश घडी घातली, आवाज मऊ केला आणि विचारलं, “अँड?”

त्या म्हणाल्या, “अँड व्हॉट?”

मी “नथिंग” म्हणून बाहेर आले.

आधीच सांगून टाकते, हे मी कौतुकाने लिहायला घेतलेलं नाही. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा, आणि तोही थोडाथोडका नाही. समोर मी त्यांना ‘अहो डॉक्टर’ म्हणायचे, मनात मात्र ‘तो’च असायचा. इथे ‘ते’ लिहिते आहे ते उशिरा सुचलेल्या शहाणपणातून. तुमच्याही ऑफिसात किंवा बिल्डिंगमध्ये असं एखादं माणूस असेल, ज्याच्यात बोट ठेवायला जागा सापडत नाही आणि म्हणूनच ज्याच्याकडे सारखं लक्ष जातं.

आम्ही दोघं भारतात डॉक्टर होतो आणि न्यू जर्सीत कुणीच नव्हतो. मी साताऱ्याची, मेडिकल पुण्यात, तेही सुवर्णपदकासकट. नवऱ्याच्या नोकरीमुळे वेस्ट विंडसरला आले. ते यवतमाळकडचे. तालुक्याच्या गावी बारा वर्षं त्यांचा दवाखाना होता. बायकोला औषधांच्या कंपनीत संख्याशास्त्राची नोकरी मिळाली, तिच्या व्हिसावर ते आले. त्यावरून आमच्या कॉम्प्लेक्समधले पुरुष आपसात हसायचे. ते स्वतःही हसायचे. “मी डिपेंडंट आहे जी,” असं पहिल्या भेटीतच सांगून मोकळे व्हायचे. इथे पुन्हा डॉक्टर व्हायचं तर सगळ्या परीक्षा द्यायच्या आणि मग रेसिडेन्सी करायची, म्हणजे हॉस्पिटलात पुन्हा शिकाऊ डॉक्टर म्हणून काही वर्षं काढायची. ती जागा मिळेपर्यंत ते त्या दवाखान्यात पेशंटचा रक्तदाब घ्यायचे आणि मी डॉक्टरबाईंच्या मागे उभी राहून टिपणं टाइप करायचे. ते चव्वेचाळीस वर्षांचे, मी पस्तिशीची. परीक्षांमध्ये माझे गुण त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगले होते, आणि एका परीक्षेत तर ते चक्क नापास झाले होते. हे मी सांगत नाही, तेच सगळ्यांना सांगायचे.

तरी कॉम्प्लेक्समध्ये डॉक्टर कोण, तर ते. मोठी माणसं त्यांना ‘डॉक्टर’ म्हणायची, मुलं ‘डॉक्टरकाका’. मला सगळे ‘वहिनी’ म्हणायचे, नाहीतर ‘रेवाची आई’. गणपतीच्या दिवसांत कुणाचं बोट कापलं तरी हाक जायची, “अरे, डॉक्टरांना बोलवा!” आणि मी आरतीचं ताट धरून तिथेच उभी. मला ‘डॉक्टर’ म्हणणारा सगळ्या कॉम्प्लेक्समध्ये एकच माणूस होता, ते स्वतः. त्याचाही मला रागच यायचा.

शेजारच्या घरात मुलाकडे सहा महिन्यांसाठी पुण्याहून एक काकू आल्या होत्या. त्यांना छातीत धडधडायचं. मुलाने मला बोलावलं, कारण डॉक्टर घरी नव्हते. मी गेले, नाडी पाहिली, थायरॉइड, रक्त कमी असणं, हृदयाचे ठोके, सगळं व्यवस्थित विचारलं आणि तीन तपासण्या लिहून दिल्या. मी चपला घालत होते तेवढ्यात ते आले. हातात भाजीची पिशवी तशीच. ते काकूंच्या पायाशी जमिनीवरच बसले आणि धडधडीचं ऐकून घेऊन म्हणाले, “अजून?”

काकू म्हणाल्या, “अजून काही नाही हो.” आणि रडायला लागल्या. सकाळी आठला घर रिकामं होतं, संध्याकाळी सहापर्यंत कुणाचा आवाज नाही, नातू आल्यावर इंग्रजीत बोलतो, मुलाला सांगितलं तर त्याला अपराधी वाटेल. हे सगळं मी एका पायात चप्पल घालून ऐकलं. पुढच्या वेळी मी दारात भेटले तर काकू माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाल्या, “डॉक्टर आहेत का गं घरी?”

घरी येऊन मी भांडी जोरात आपटली. नवरा म्हणाला, “यार, तो नाइस माणूस आहे. तू चिल कर ना जरा.” रेवा तेव्हा आठ वर्षांची होती. तिने डोकं बाहेर काढून विचारलं, “आई, व्हाय आर यू मॅड ॲट डॉक्टरकाका?” मी नळ मोठा सोडला.

दवाखान्याला आम्ही त्यांच्याच गाडीने जायचो. गाडी ते फार हळू चालवायचे. मागचा माणूस हॉर्न वाजवून पुढे गेला की त्याला हात करायचे. एका सकाळी मी त्यांना माझा शोध सांगितला. शोधच म्हणते, कारण आमच्यातल्या कुणाला तो माहीत नव्हता. फॅमिली मेडिसिन आणि सायकियाट्री, दोन्हींची एकत्र रेसिडेन्सी असते. पाच वर्षं लागतात. शेवटी दोन्ही परीक्षा देता येतात आणि माणूस शरीराचाही डॉक्टर होतो, मनाचाही. सगळ्या देशात मोजकी ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी एक-दोन जागा. मी हे जरा ऐटीतच सांगितलं. म्हटलं, तुमच्यासाठी नाही, तुम्ही साधी तीन वर्षांची फॅमिली मेडिसिन बघा, पण मी हिच्यासाठी अर्ज करणार.

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागून हॉर्न वाजले. मग गाडी पुढे घेत ते म्हणाले, “म्हणजे त्याच माणसाला दोनदा यायला लागत नाही.”

मी या विषयावर अर्जासाठी पानभर निबंध लिहून ठेवला होता. त्यात इतकं नेमकं एक वाक्यही नव्हतं.

थोडं पुढे गेल्यावर ते स्वतःहून बोलले. गावी त्यांच्या दवाखान्यासमोर एक शिंपी होता. सहा महिने पोट दुखतं म्हणून यायचा. “मी पोटच तपासत राहिलो,” ते म्हणाले. “सोनोग्राफी केली, नागपूरला पाठवलं. त्याच्या पोटात काहीच नव्हतं. मला वाटलं, चला, चांगलं झालं. त्या रविवारी त्याने दुकानातच गळफास घेतला. कात्रीखाली माझ्याच गोळ्यांचं पाकीट होतं.” मग मागच्या गाडीला हात करून वाट दिली. “एक प्रश्न जास्त विचारायचा राहून गेला, डॉक्टर.”

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलंच. पण त्याच्या पाठोपाठ जे मनात आलं तेही लिहिलं पाहिजे. मला वाटलं, यांच्याकडे असं काहीतरी आहे आणि माझ्या निबंधात घालायला माझ्याकडे सुवर्णपदकाशिवाय काही नाही. माणसाच्या दुःखाचाही हेवा वाटू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी मी निबंध उघडला आणि पहिल्या ओळीत इंग्रजीत लिहिलं, त्याच माणसाला दोनदा यायला लागू नये म्हणून मला हे शिक्षण हवं आहे. शिंप्याला हात लावला नाही, एवढी लाज शिल्लक होती.

महिन्याभरात त्यांनीही त्याच रेसिडेन्सीसाठी एका ठिकाणी अर्ज केला. मला विचारूनच केला. “तुमची हरकत नाही ना?” असं दोनदा विचारलं. मी “छे हो” म्हणाले. मग त्यांचं ते प्रसिद्ध तोलणं सुरू झालं. तीन वर्षं की पाच? साधं फॅमिली मेडिसिन की दोन्ही एकत्र? हा प्रश्न त्यांनी कॉम्प्लेक्समध्ये कुणाला विचारला नाही ते सांगा. शाळेच्या बसथांब्यावरच्या आयांना विचारला, सोसायटीच्या माळीकाम करणाऱ्या मेक्सिकन गृहस्थांना विचारला, मराठी शाळेत वर्ग घेणाऱ्या मावशींना विचारला. मावशी म्हणाल्या, “पाच वर्षांनी तुम्ही एकोणपन्नास. मग काय, ट्रेनिंग संपताच चष्मा आणि काठी!” ते म्हणाले, “चष्मा तर आहेच की.” माळीकाका म्हणाले, ज्या कामात हात रमतो ते घ्या. हे उत्तर त्यांना फार आवडलं. चार दिवस सगळ्यांना सांगत फिरत होते.

त्यांची बायको अबोल होती. एकदा लाँड्रीरूममध्ये कपड्यांच्या घड्या घालता घालता ती मला म्हणाली, “मला विचाराल तर तीन वर्षांचंच व्हावं असं वाटतं. इतकी वर्षं दोन गावांत राहायचं म्हणजे… पण हे तुम्ही त्यांना सांगू नका हं. ते लगेच माझं ऐकतील.” मी सांगितलं नाही. पण पुढे स्वतःची समजूत घालताना हे वाक्य मी पुष्कळ वापरलं.

मुलाखती आल्या. मला चार, त्यांना दोन. त्यांची एक पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या गावातल्या फॅमिली मेडिसिनची. दुसरी मात्र देशाच्या मधल्या राज्यांतल्या एका ठिकाणची, तीच दोन्ही विषय एकत्र असलेली, जिथून मलाही बोलावणं होतं. तिथे जागा दोन. ते माझ्या दारात धावतच आले. पायात वेगवेगळ्या स्लिपर होत्या. “डॉक्टर! दोन जागा आणि आपण दोघं! हिशेबच जमला न!”

माझा हिशेब वेगळा होता. एक जागा तर इथेच शिकलेल्या कुणाला तरी जाणार. म्हणजे उरली एक. आमच्या दोघांत ती कुणाला मिळेल हे त्या भिंतीपलीकडून वर्षभर ऐकलेल्या मला चांगलं माहीत होतं. मुलाखती स्क्रीनवरच होत्या. माझी छान झाली. तिथल्या मुख्य बाईंनी निबंधातली पहिली ओळ मला वाचून दाखवली आणि विचारलं, “हे कुठून सुचलं?” मी म्हटलं, “अनुभवातून.”

आता यादीचं सांगते, कारण सगळं तिथे आहे. मुलाखती झाल्या की उमेदवाराने आपल्या पसंतीच्या जागा क्रमाने लिहायच्या, हॉस्पिटलांनी त्यांच्या पसंतीचे उमेदवार क्रमाने लिहायचे, आणि मग संगणक जोड्या लावतो. यात नियम अगदी साधा आहे. तुम्हाला मनापासून जे हवं ते सगळ्यात वर लिहायचं. ते नाही मिळालं तरी खालच्या जागेचं काही बिघडत नाही. वर भलतं स्वप्न लिहिलं म्हणून खालची जागा हातची जात नाही. हे सगळीकडे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, मी ते दहादा वाचलं होतं. पण आपण वाढलो ते आपल्याकडच्या प्रवेशाच्या फॉर्मांवर. अकरावीपासून डोक्यात बसलेलं, पहिला पर्याय जपून भरा, झेपेल तेच वर लिहा, उगाच उडी मारायला जाल आणि सगळंच जाईल. त्यामुळे आपली हुशार हुशार मुलं इथे येऊनसुद्धा यादी उलटी लावतात.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी ते यादी घेऊन आले. नवरा रेवाला पोहायच्या क्लासला घेऊन गेला होता. मी चहा टाकला. त्यांनी वहीचा कागद टेबलावर ठेवला. त्यावर दोनच ओळी होत्या. एक, दोन्ही विषयांची ती जागा. दोन, पेनसिल्व्हेनिया.

“असं लिहिलंय. बरोबर आहे न? मला त्या संगणकाचं काही समजत नाही. तुमचा अभ्यास आहे, म्हणून आलो.”

बरोबरच होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, हो डॉक्टर, बरोबर आहे, आणि आलं किसून चहात घालायचं होतं.

मी म्हटलं, “खात्रीची जागा कुठली?”

“पेनसिल्व्हेनियावाले म्हणाले, तुम्ही आम्हाला हवे आहात.”

“मग ती वर घ्या. पहिला पर्याय वाया घालवू नका. तुमचं वय, तो नापासाचा शिक्का, सगळं बघता वर मोठं काही लिहिलं तर दोन्हीकडून जाल.”

त्यांनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. “पण मन तर तिकडे आहे,” असं काहीतरी म्हणाले.

“मनाचं सोडा हो. आधी पाय टेकवायला जागा बघा.” हे मी ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला आजही ऐकू येतो. इतका मऊ आवाज मला पेशंटशी बोलताना कधी काढता आला नव्हता.

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि दोन ओळींच्या कडेला एक बाण वर, एक बाण खाली काढला. “तुम्ही म्हणता तर तसंच,” म्हणाले. चहा प्यायले, आलं छान लागतंय म्हणाले आणि गेले. मी लॅपटॉप उघडून माझी यादी पाहिली. माझ्या यादीत ती जागा पहिली होती. ती तशीच ठेवून मी बटण दाबलं.

मार्चमध्ये निकाल लागला. मला ती जागा मिळाली. त्यांना पेनसिल्व्हेनिया.

क्लबहाउसमध्ये पार्टी झाली. पावभाजी, केक, सगळं. केकवर ‘अभिनंदन डॉक्टर’ लिहिलेलं होतं आणि तो त्यांच्यापुढे ठेवलेला होता. कुणीतरी म्हणालं, “अरे, वहिनींनाही मिळालंय!” मग सुरी माझ्याही हातात दिली. ते उभे राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले. “माझं जे झालं ते या डॉक्टरांमुळे. मी तर चुकीची यादी भरून बसलो होतो. यांनी सांगितलं नसतं तर रिकाम्या हाताने राहिलो असतो.” टाळ्या वाजल्या. त्यांच्या बायकोचे डोळे भरून आले. मी केक खाल्ला.

तुम्हाला गंमत वाटेल, त्या भाषणाने माझी पत एकदम वाढली. वर्षानुवर्षं जी मला हवी होती ती. दुसऱ्याच दिवशी परीक्षा देणाऱ्या दोन मुली माझ्याकडे सल्ला घ्यायला आल्या. त्यांना मी नियम बरोबर सांगितला.

जूनमध्ये आम्ही सगळे पांगलो. मी रेवाला घेऊन मधल्या राज्यात आले, नवरा इकडे घरूनच काम करायला लागला. त्यांचा फोन यायचा गुरुवारी. त्यांचा एक वाजलेला, जेवायची सुट्टी, माझे बारा. पहिल्या वर्षी खुशाली असायची. दुसऱ्या वर्षी ते पेशंटबद्दल विचारायला लागले. त्या छोट्या गावात मनाचा डॉक्टर नव्हता, जवळच्या शहरातल्या डॉक्टरची वेळ मिळायला महिने लागायचे, त्यांच्यावरचे मोठे डॉक्टर या बाबतीत त्यांच्याइतकेच चाचपडणारे. नाव न घेता ते सांगायचे, एक आजोबा आहेत, जेवत नाहीत. एक मुलगी आहे, तिला वर्गात श्वास लागतो. माझ्या अर्ध्या तासाच्या भेटीत पेशंट जे सांगत नाही ते त्यांना पाच मिनिटांत सांगितलेलं असायचं. फक्त पुढे काय करायचं हे त्यांना येत नव्हतं. ते मला येत होतं, कारण मला ते शिकवलं जात होतं. मी सांगायचे, ते लिहून घ्यायचे. “तुम्ही तिकडे आहात म्हणून बरं आहे,” म्हणायचे. फोन ठेवला की मला हेवा वाटायचा. माझे पेशंट माझ्यासमोर घड्याळाकडे बघत बसायचे.

त्या हिवाळ्यात नव्या उमेदवारांच्या मुलाखती होत्या. आम्हा शिकाऊ डॉक्टरांनाही त्यात बसवतात. मधल्या वेळात आमच्या मुख्य बाई कॉफी घेत म्हणाल्या, “तुझ्या वर्षी तुझ्याच भागातला एक माणूस होता. खेड्यात दवाखाना चालवलेला. आमच्या यादीत तो पहिला होता. आम्हाला वाटलं होतं, तो नक्की येणार. त्याने दुसरीकडे कुठेतरी वर लिहिलं.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईने म्हणाल्या, “आमचं नशीब बघ, तो आला नाही म्हणून तर तू मिळालीस.”

त्या हसून पुढे म्हणाल्या, “आणि तो मुलाखतीत तुझ्या निबंधातलं वाक्य बोलला होता, जवळजवळ शब्दशः. आम्ही त्याला तसं विचारलंही. तो म्हणाला, आम्ही दोघं एकाच गाडीने कामाला जातो.”

म्हणजे त्यांचं वाक्य मी निबंधात घातलंय हे त्यांना मुलाखतीच्या दिवशीच कळलं होतं. त्यानंतर ते माझ्या स्वयंपाकघरात यादी घेऊन आले होते.

पुढच्या गुरुवारी फोन आला. एक बाई होत्या, बाळंत होऊन तीन महिने झालेल्या, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही असं त्यांना म्हणाल्या होत्या. मी सगळं विचारलं, गोळीचं नाव सांगितलं. मग एका दमात बोलून टाकलं. की मला नियम माहीत होता. त्यांची यादी बरोबर होती. दोन जागा होत्या आणि मला एक हवी होती, म्हणून मुद्दाम उलटं सांगितलं. इथे यादीत ते पहिले होते, आणि मी बसले आहे ती जागा त्यांची आहे. माफ करा, असंही म्हणाले. तो शब्द फारच लहान वाटला.

पलीकडे कुठेतरी मायक्रोवेव्हचा आवाज झाला. कुणीतरी दार उघडून बंद केलं. त्यांचा श्वास ऐकू येत होता, त्यामुळे फोन चालू आहे एवढं कळत होतं.

मग त्यांनी विचारलं, “गोळी अर्धीपासून सुरू करायची म्हणालात?”

“हो. अर्धी. दोन आठवड्यांनी बघा. बाळाचं वजनही बघा. आणि एकटी ठेवू नका म्हणावं तिला.”

“लिहून घेतलं,” ते म्हणाले. फोन बंद झाला.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मी दोनदा केला, दोनदा वाजून वाजून थांबला. दिवाळीला त्यांच्या बायकोने सगळ्यांना पाठवलेला शुभेच्छांचा मेसेज मलाही आला, त्यातून मला वगळलेलं नव्हतं, एवढंच. कॉम्प्लेक्समधल्या जुन्या मैत्रिणीकडून कळलं की रेसिडेन्सी संपल्यावर ते त्याच गावात राहणार आहेत, लोक त्यांना सोडत नाहीत. ऐकून मला तोच जुना हेवा वाटला. इतकं होऊनही तो गेलेला नाही. त्या बाळाच्या आईचं पुढे काय झालं, तिला ती अर्धी गोळी मानवली का, बाळाला तिने घेतलं का, हे मला कळलेलं नाही, आणि आता विचारायचं कुणाला?

गुरुवारी बारा ते एक मी कुणालाही वेळ देत नाही. आमच्या नर्सने एकदा विचारलं, बाहेर इतकी माणसं ताटकळत असतात, हा तास तुम्ही रिकामा का ठेवता? मी सांगितलं, एका डॉक्टरांचा फोन यायचा असतो. तिने वहीत तशी नोंद केली आणि आता तीच दर गुरुवारी बाराला माझं दार बाहेरून लोटून घेते.